भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाताय? आधी उजनीची पातळी आणि वाऱ्याचा अंदाज बघा

इन्स्टाग्रामवर भिगवणचं एखादं रील उघडलं की दोन गोष्टी हमखास दिसतात. उथळ पाण्यात उभे असलेले गुलाबी फ्लेमिंगो आणि पाण्यातून डोकं वर काढलेलं पळसदेवचं जुनं मंदिर. रील पाहून अनेक जण रविवारी गाडी काढतात आणि तिथे गेल्यावर कळतं, की या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी दिसणं तसं कठीणच. कारण काय दिसणार हे कॅलेंडर नाही, तर उजनी धरणातलं पाणी ठरवतं.

हे पाणी नेमकं कुठलं?

भीमा नदीवरचं उजनी धरण सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात आहे. ते १९८० मध्ये पूर्ण झालं. धरण सोलापुरात असलं तरी त्याचा फुगवटा मागे पुणे जिल्ह्यात इंदापूर आणि दौंड तालुक्यांपर्यंत पसरतो. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ही पक्षीप्रेमींच्या तोंडी असलेली गावं याच फुगवट्याच्या काठावर आहेत. धरणात अनेक गावं गेली. पळसदेव त्यातलंच एक. गाव वर सरकलं, पण पळसनाथाचं हेमाडपंती मंदिर पाण्यात राहिलं.

बातम्यांतलं 'उणे' म्हणजे काय?

उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातलं सुमारे ५३ टीएमसी पाणी उपयुक्त साठा आणि उरलेलं मृतसाठा मानलं जातं. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर मोजतात. त्यामुळे 'उजनी उणे २० टक्के' याचा अर्थ धरण कोरडं पडलं असा होत नाही. उपयुक्त पाणी संपून पातळी मृतसाठ्यात उतरली, एवढाच त्याचा अर्थ.

सहलीसाठी हा आकडा फार कामाचा आहे. धरण भरलेलं असेल तर काठापर्यंत खोल पाणी असतं. फ्लेमिंगो चिखलाच्या उथळ पाण्यात उभा राहून, चोच उलटी बुडवून अन्न गाळून खातो. खोल पाणी त्याच्या उपयोगाचं नाही. पातळी उतरून दलदल उघडी पडू लागली की थवे काठाजवळ दिसतात. साधारण जानेवारी ते मार्च हा काळ त्यासाठी चांगला. याच दिवसांत हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब, शिवाय कुरव, सुरय, मोरशराटी आणि राखी बगळेही भेटतात. चित्रबलाक तर इथलाच. इंदापूर तालुक्यातल्या भादलवाडी तलावात त्याची घरटी असतात.

मंदिराचं गणित वेगळं. ते पूर्ण उघडं पडायला पातळी बरीच खाली जावी लागते, म्हणजे एप्रिल-मे उजाडतो आणि तेही दरवर्षी घडत नाही. २०२३ चा पाऊस कमी पडला, धरण पूर्ण भरलं नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात मंदिर उघडं पडलं. ते बघायला गर्दी झाली. पण पर्यटकांसाठी जी पर्वणी होती, ती काठावरच्या शेतकऱ्यांसाठी टंचाई होती, हेही लक्षात असू द्या.

मग धोका कुठे आहे?

मंदिर बघायला सगळ्यात चांगला काळ आणि वाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट काळ एकच आहे. मे महिन्यात दुपारपर्यंत जमीन तापते, ढग जमतात आणि संध्याकाळी वळवाचं वादळ येतं. मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काहीच नसतं. तो जितक्या लांबवर पाण्यावरून वाहतो तितक्या लाटा वाढतात. काठावर नुसती धूळ उडत असते, तेव्हा मध्यावर छोट्या होडीत पाणी शिरायला लागलेलं असतं.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी हेच झालं. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत सात जण होते. एक जण पोहत काठाला लागला. बाकी सहा जणांचा मृत्यू झाला, त्यात लहान मुलंही होती. शोधासाठी एनडीआरएफचं पथक बोलवावं लागलं. ही सहलीची बोट नव्हती. रस्त्याने मोठा वळसा पडतो म्हणून दोन्ही काठांवरची माणसं रोज अशीच ये-जा करत आली आहेत. सहलीची उदाहरणंही आहेत. एप्रिल २०१७ मध्ये याच पाण्यात फिरायला आलेल्या डॉक्टरांची बोट उलटून चौघांचा बळी गेला होता.

बोटीत बसताना काय बघायचं?

- प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवं आणि त्याचे पट्टे लावलेले हवेत. बुडाखाली घेतलेलं जॅकेट ऐनवेळी उपयोगाचं नाही. लहान मुलाला मोठ्यांचं जॅकेट घातलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जातं.
- 'पाणी कमरेएवढंच आहे' यावर विसंबू नका. खाली पाय रुतणारा गाळ आहे. बुडालेल्या गावांच्या विहिरी आणि ओढेही याच पाण्याखाली आहेत.
- फोटोसाठी सगळे एका बाजूला झुकू नका. छोटी होडी वाऱ्याआधी यानेच कलंडते.
- थव्याच्या अंगावर बोट घालायला सांगू नका, ड्रोनही नको. पक्षी उडाले की व्हिडिओ छान येतो, पण त्यांचं चरणं थांबतं.
- पोहायला उतरू नका. मुळा-मुठेतून येणारं पुण्याचं सांडपाणी शेवटी भीमेतून इथेच येतं.

दिवसाचं नियोजन कसं करायचं?

भिगवण पुणे-सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून साधारण १०० किलोमीटरवर आहे. बारामतीहून तासाभराच्या आत पोहोचता येतं. रेल्वेने यायचं तर भिगवण स्टेशन आहे. पुण्याहून पहाटे चारच्या सुमारास निघालात तर उजाडताना काठावर असाल. सकाळी वारा कमी असतो, प्रकाश चांगला असतो आणि पक्षी चरत असतात. दहापर्यंत बोट काठाला लागलेली बरी.

मग जेवण. भिगवणचा मासळी बाजार प्रसिद्ध आहे. मासे खात असाल तर चिलापी किंवा मरळ आणि सोबत भाकरी हा इथला बेत. दुपारी हाताशी वेळ असेल तर बारामती तालुक्यातलं सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य बघता येईल. तिथल्या माळरानावर चिंकारा दिसतो.

निघण्याच्या आदल्या रात्री तीन कामं करा. उजनीची टक्केवारी बघा. हवामान खात्याचा पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांचा अंदाज वाचा. फोनमध्ये विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अॅप टाका. आणि काठावर पोहोचल्यावर नावाडी म्हणाला, 'आज वारं आहे, नको,' तर जास्त पैसे देऊन त्याला तयार करू नका. दुर्बीण असेल तर काठावरूनही पक्षी दिसतात.