चौकट : फुलं खोचायला केळीचा खुंट

पुष्परचनेतला तो हिरवा स्पंज म्हणजे फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लास्टिक. तो कुजत नाही, त्याचा नुसता चुरा होतो आणि पाण्यात जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१पासून आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली. महाड-पोलादपुरात, सावित्रीच्या काठी, तो हवाच कशाला?

घड उतरवलेल्या केळीचा वीतभर खुंट कापा, बूड सपाट करा आणि थोडं पाणी घातलेल्या परातीत उभा ठेवा. तेरड्याचा देठ रसरशीत असतो, थेट खोचला की मोडतो. म्हणून आधी बांबूच्या काडीने भोक पाडा. हळदीची पानं मागे लावा, रचना लगेच भरते.

गौरीसाठी कळलावी आणाल, तर फुलापुरतीच तोडा. कंद जमिनीत राहिला, तर पुढच्या पावसात वेल पुन्हा फुटते. हे झाड विषारी आहे, कंद तर फारच. हात धुवा, मुलांना लांब ठेवा.

बांधायला तार नको. केळीचा सुकलेला सोप भिजवून त्याच्या पट्ट्या काढा. नंतर खुंटासकट सगळं तुकडे करून माडाच्या आळ्यात घाला.