दिवाणखान्यातली शर्यत

"आजी, तू का वाकतेस? गाडी कमरेनं नाही वळत, मनगटानं वळते!"

नातू हे ओरडून सांगत होता, तेव्हा मी दिवाणखान्याच्या मधोमध पदर खोचून उभी होते. दोन्ही हातांत आडवी धरलेली पांढरी कांडी, समोर टेलिव्हिजनच्या पडद्यावर काळोखी रात्र, दिव्यांनी झगमगणारे शहर आणि त्यातून सुसाट धावणारी माझी मोटार! माझी म्हणजे पडद्यावरची. खरी मोटार चालविण्याचे भाग्य एकसष्टाव्या वर्षापर्यंत मला लाभले नव्हते. वळण आले की मी अंग झोकून कलत होते, आणि मोटार मात्र सरळ जाऊन भिंतीवर आदळत होती.

ही गोष्ट २००७ सालची. आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी मुलाकडे कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे गेलो होतो. घर प्रशस्त, बाग सुरेख. पण कोथिंबिरीची जुडी आणायची तरी मोटार काढावी लागे. मुलगा-सून कामावर गेली, की मी आणि 'हे' खिडकीतून रिकामा रस्ता न्याहाळत बसायचे. नातू शाळेतून आला, की मग घरात जीव येई.

त्याच्याजवळ 'वी' नावाचे खेळाचे यंत्र होते. जपानमधील क्योटोच्या निन्टेंडो कंपनीने ते नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत विक्रीस आणले; किंमत अडीचशे डॉलर. ही कंपनी मुळात १८८९ साली पत्ते बनविण्यासाठी निघाली होती, हे ऐकून मला मोठी मौज वाटली. पत्त्यांच्या डावात म्हाताऱ्यांनाही कुणी बसवून घेते; मग इथेच का नको? एका दुपारी धीर करून मी म्हटले, "मला दे रे एकदा."

या यंत्राची करामत अशी, की कांडी हातात जशी फिरवावी तसे पडद्यावर घडते. तिच्या पोटात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. कांडी कलली, की गुरुत्वाकर्षणाने तो केसभर सरकतो आणि तेवढ्यावरून यंत्राला कळते, की चाक किती फिरवले. मी हात ताठ धरून कमरेतून वाकत होते. कांडी होती तशी आडवीच. मोटार वळावी कशी?

टेलिव्हिजनवर एक लांबट पट्टी ठेवलेली असे. मला वाटे, ती आपल्याकडे पाहते. पण तिच्या टोकांना नुसते अवरक्त प्रकाशाचे दिवे. पाहणारा डोळा कांडीच्या टोकाला. पडद्यावर बाण फिरवायचा असला तर त्या पट्टीऐवजी दोन मेणबत्त्या लावल्या तरी भागते. नातवाने ते करूनही दाखवले. सुनेची मोटार दारात वाजली, तेव्हा आम्ही दोघांनी फुंकर घालून पुरावा नाहीसा केला!

खेळाचे नाव 'नीड फॉर स्पीड: कार्बन'. पामाँट नावाचे काल्पनिक शहर. तिथे सदा रात्र, आणि रस्त्यारस्त्यावर चोरून लागणाऱ्या मोटारींच्या शर्यती. पोलीस मागे लागतात ते वेगळेच. अशी शर्यत खऱ्या कॅलिफोर्नियात लावली, तर वाहन कायद्याच्या २३१०९ व्या कलमाखाली तुरुंगाची हवा खावी लागते. दिवाणखान्यात मात्र बटण दाबले की वेग, आणि वाहतूक उजव्या बाजूने! माझा आयुष्यभराचा सराव डाव्या बाजूचा. समोरून येणाऱ्या प्रत्येकाची मी गळाभेट घेत होते.

'हे' आरामखुर्चीतून म्हणाले, "चालवतेस कसली? आपटतेस!"

त्यांचे हे वाक्य मला नवीन नव्हते. आमची फियाट होती, तेव्हा मी दोनदा शिकण्याचा विषय काढला होता. दोन्ही वेळा उत्तर एकच : "तुला नाही जमायचं. तू घाबरट आहेस." आणि खोटे कशाला बोलू, मी घाबरट होतेच. १९९४ च्या एका मध्यरात्री यांच्या छातीत कळ आली. खाली फियाट उभी, किल्ली माझ्या मुठीत, आणि मी अनवाणी धावत शेजाऱ्यांचे दार ठोठावत होते. शेजारी देवमाणूस, लेंग्यावरच निघाले. हे वाचले. पण दार उघडेपर्यंतची ती पाच मिनिटे मी कधी कुणाजवळ बोलले नाही. मुठीत रुतलेली ती किल्ली मात्र विसरले नाही.

या खेळात एक घाटातली झुंज असते. आधी तुम्ही प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग करायचा, मग त्याने तुमचा. जितके जवळ राहाल तितके गुण. पण कठडा तोडून दरीत गेलात, तर सगळे संपले. मी घाट पाहिले होते ते एस.टी.च्या खिडकीतून, डोळे मिटून घेत. इथे डोळे मिटून चालणार नव्हते. पहिल्या आठवड्यात मी किती वेळा दरीत गेले, याचा हिशेब नातवानेही सोडून दिला. मग हळूहळू उमगले : वळणात शिरल्यावर ब्रेक दाबून उपयोग नाही, तो वळणाआधी दाबायचा, आणि नजर समोरच्या कठड्यावर नव्हे, जिथे जायचे तिथे ठेवायची. एका संध्याकाळी मी तो घाट सुखरूप उतरले. नातवाने मला उचलायचेच तेवढे बाकी ठेवले. हे मात्र वर्तमानपत्रात डोके खुपसून म्हणाले, "खेळातली गाडी आहे ती."

त्याच रात्री मी ठरवले : पुण्याला परत गेल्यावर शिकायचे.

२००८ च्या संक्रांतीनंतर मी मोटार शिकविणाऱ्याकडे नाव घातले. पहिल्याच दिवशी कळले, की खेळाने मला फार थोडे शिकवले होते. क्लच नावाचा प्रकार त्या पडद्यावर मला भेटलाच नव्हता. आणि गाडीला वजन असते, ती कलली की आपल्या पोटात कालवते, हे कांडीला कुठून कळणार? शिकविणारा मुलगा चोवीस-पंचविशीचा. म्हणाला, "मावशी, साठच्या वेगानं गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. तुम्ही दचकून पाय उचलेपर्यंतच ती तेवढी पुढे गेलेली असते."

चौथ्या दिवशी एका गल्लीत चेंडूमागे एक पोर धावत आले. मी ब्रेक दाबला. गाडी आचका देऊन बंद पडली. पोर चेंडू उचलून हसत निघून गेले, आणि माझे हात चाकावर थरथरत राहिले. तेव्हा एकदम ध्यानात आले, की त्या पामाँट शहरात एवढे दिवस मी भरधाव हिंडले, पण तिथल्या रस्त्यावर पायी चालणारा एकही माणूस मला दिसला नव्हता! ना भाजीवाली, ना शाळेची मुले, ना काठी टेकीत जाणारे आजोबा. मोटार आपटली, की क्षणात पुन्हा रस्त्यावर. मला त्या खेळाने चाक धरण्याची भीती घालवून दिली, हे त्याचे ऋण मी मानते. पण दुसरी एक भीती असते, ती ठेवावीच लागते. ती मला त्या पोराने शिकवली. नातवाला पुढे शिकाऊ परवाना मिळाला, तेव्हा फोनवर मी त्याला हीच हकिकत सांगितली. तो हसला नाही.

परवाना मिळाल्यावरही हे माझ्या शेजारी बसत ते दाराची कडी घट्ट धरून.

मग २०१२ चा पावसाळा आला. पुन्हा मध्यरात्र, पुन्हा तीच कळ. मी किल्ली घेतली, यांना मागे आडवे केले आणि गाडी काढली. पाऊस कोसळत होता. हात थरथरत नव्हते, एवढेच आठवते. चौकातून वळताना मागून क्षीण आवाज आला, "अगं, जरा जोरात घे ना."

मी म्हटले, "अहो, रस्त्यात माणसं आहेत."

आठ दिवसांनी हे घरी आले. ते वी यंत्र जगभर दहा कोटींहून अधिक खपले आणि पुढे बनायचेही बंद झाले. नातवाकडचे माळ्यावर पडले आहे. मात्र त्यानंतर यांनी दाराची कडी कधी धरली नाही. दिवाळीच्या खरेदीला लक्ष्मी रस्त्यावर निघालो, की आता किल्ली तेच माझ्या हातात देतात, आणि वर बजावतात, "सावकाश हं, माणसं आहेत."