नाव नाही, पण गुण आहे!

मुलांनो, तुमच्या कंपासपेटीवर कोणाचं नाव आहे? तुमचं नव्हे हं, कंपनीचं! बघा बरं जरा पेटी उलटी करून.

हा प्रश्न मी का विचारते आहे, ते सांगते. मी एका प्राथमिक शाळेत पाचवीच्या वर्गाला शिकवते. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिला आठवडा असतो नव्या वस्तूंचा. नवं दप्तर, नवा डबा, नव्या वह्या! प्रत्येकाला आपली वस्तू दुसऱ्याला दाखवायची घाई. एका वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने डबा, वह्या, पेन्सिली, हातरुमाल असं सगळं सामान गावाबाहेर हायवेला झालेल्या मोठ्या सवलतीच्या दुकानातून आणलं होतं. कशावरही ओळखीचं नाव नव्हतं, की टीव्हीवरचं चित्र नव्हतं. मागच्या बाकावरून आवाज आला, "ए, हिचं सगळं सेलमधलं!" सगळा वर्ग हसला.

ती काही बोलली नाही. पण मधल्या सुट्टीत तिने डबा दप्तरातच ठेवला, झाकण अर्धवट उघडलं आणि तसाच खाल्ला. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

आधी वाटलं, वर्गाला चांगलं रागवावं. पण बाई रागावल्या की मुलं गप्प बसतात, मनातला समज मात्र तसाच राहतो. म्हणून मी वर्गाला म्हटलं, "स्वस्त वस्तू वाईटच असते, असं तुम्हाला वाटतं ना? ठीक आहे. शनिवारी आपण वस्तूंची परीक्षा घेऊ. निकाल तुम्हीच लावायचा."

स्वस्त देणं परवडतं कसं?

परीक्षेच्या आधी एक गोष्ट समजून घेऊ. एक दुकानदार एखादी वस्तू दुसऱ्यापेक्षा कमी भावात कशी काय देतो?

फार पूर्वी दुकानात गेलं की गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे उभं राहायचं आणि दुकानदार एकेक वस्तू काढून द्यायचा. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लेरेन्स साँडर्स नावाच्या माणसाने वेगळंच दुकान काढलं. गिऱ्हाइकाने आत यावं, टोपली घ्यावी, हवं ते स्वतः उचलावं आणि जाताना पैसे द्यावेत. माल काढून देणारी माणसं कमी लागली, खर्च वाचला आणि भावही उतरले. पुढे १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन यांनी टोपलीला चाकं लावली आणि ढकलगाडी आली.

आपल्याकडेही स्वस्त आणि चोख मालाचा विचार जुना आहे. मुंबईच्या नायगावात १९४८ साली कामगारांनी एकत्र येऊन सहकारी दुकान सुरू केलं. तेच पुढे 'अपना बाजार' म्हणून नावारूपाला आलं. २००२ साली मुंबईतच पवई इथे राधाकिशन दमाणी यांनी 'डी-मार्ट'चं पहिलं दुकान उघडलं. आज अशी सवलतीची दुकानं तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली आहेत.

यांचं गणित साधं आहे. माल एकदम मोठ्या प्रमाणावर घ्यायचा, म्हणजे तो स्वस्तात मिळतो. थोड्या नफ्यावर विकायचा, पण भराभर विकायचा. दुकानाची फार सजावट करायची नाही. शिवाय डाळी, शेंगदाणे, पोहे अशा कितीतरी वस्तू दुकान स्वतःच साध्या पिशवीत भरतं. त्यांची जाहिरात नसते. टीव्हीवर नट नाचवायचा खर्च शेवटी पुड्याच्या किमतीतूनच निघतो ना! तो इथे वाचतो.

म्हणजे स्वस्ताईला कारण असतं. आता हे कारण असलं म्हणून वस्तू चांगलीच असेल का? तेच तर तपासायचं होतं!

शनिवारची परीक्षा

मी सहा वस्तूंच्या जोड्या आणल्या. प्रत्येक जोडीतली एक सवलतीच्या दुकानातली बिननावाची आणि दुसरी नावाजलेल्या कंपनीची. नावं दिसू नयेत म्हणून कुठे कागद चिकटवला, कुठे वेष्टन काढून टाकलं. एकीवर 'अ' लिहिलं, दुसरीवर 'ब'. कोणती कुठली, हे फक्त मला ठाऊक. वर्गाचे सहा गट केले आणि झाली सुरुवात.

वही : गटाने दोन्ही वह्यांत शाईच्या पेनाने चार ओळी लिहिल्या आणि पान उलटून पाहिलं. शाई मागे फुटली का? दोन्हींत नाही. मग पानं मोजली. एक २०० पानी वही ४२ रुपयांची, तर दुसरी १७२ पानी ४० रुपयांची. वरवर पाहिलं तर ४० रुपयांची स्वस्त. पण भागाकार केल्यावर? पहिलीचं एक पान २१ पैशांना पडलं आणि दुसरीचं २३ पैशांना. ही २१ पैसेवाली होती बिननावाची!

पेन्सिल : दोन्हींना दहा दहा वेळा टोक केलं. एकीचं शिसं दोनदा तुटलं, दुसरीचं तीनदा. अक्षर सारखंच काळं उमटलं. म्हणजे बरोबरी.

हातरुमाल : दोन्ही रुमाल मी आधी घरी धुऊन आणले होते, कारण कोऱ्या कापडाला खळ असते. त्यांवर पाण्याचा एकेक थेंब टाकला. एका रुमालाने थेंब लगेच पिऊन टाकला, दुसऱ्यावर तो मोत्यासारखा बसून राहिला. दुसरा दिसायला फार सुंदर होता, वर कार्टूनही होतं. पण घाम पुसायला काय कामाचा?

खोडरबर आणि शार्पनर : इथे मात्र बिननावाच्या वस्तू सपशेल नापास झाल्या. खोडरबराने कागदावर काळे फराटे ओढले आणि शार्पनरचं पातं तिसऱ्या पेन्सिलीलाच सैल झालं.

राहिला डबा. या गटात मागच्या बाकावरचा तो हसणारा मुलगाही होता. दोन्ही स्टीलच्या डब्यांत पाणी भरलं, झाकणं घट्ट लावली आणि पाच मिनिटं ते उपडे धरले. मग कडांवरून अलगद बोट फिरवून पाहिलं. एकाने घरून लोहचुंबकही आणला होता. तो म्हणाला, "बाई, चुंबक चिकटला तर स्टील खोटं!" हा समज बऱ्याच मोठ्या माणसांचाही असतो बरं का. पण तो बरोबर नाही. स्टेनलेस स्टीलचे अनेक प्रकार असतात. काहींना चुंबक चिकटतो, काहींना नाही, आणि दोन्ही स्टेनलेस स्टीलच असतात. इंडक्शन शेगडीवर तर ज्याच्या बुडाला चुंबक चिकटतो तेच भांडं चालतं.

पाच मिनिटं झाली. 'ब' डब्याखाली पाण्याचं चांगलं थारोळं झालं होतं. 'अ' डब्यातून मात्र एकही थेंब गळला नव्हता. निकाल सांगायचं काम त्याच मुलाकडे होतं. "बाई, 'अ' चांगला," तो ठामपणे म्हणाला. मी म्हटलं, "काढ त्याचा कागद." त्याने कागद सोडवला. आत कसलंच नाव नव्हतं. तो होता हुबेहूब त्या मुलीच्या डब्यासारखा डबा.

क्षणभर वर्ग शांत. मग तो मुलगा डोकं खाजवत म्हणाला, "खरं सांगू का बाई? माझ्या डब्यातून रोज आमटी गळते!" वर्ग पुन्हा हसला. या वेळी ती मुलगीही हसली.

सहापैकी चार वस्तूंत स्वस्त वस्तू सरस किंवा बरोबरीची ठरली, दोनांत नापास. म्हणजे 'स्वस्त ते वाईट' हेही खोटं आणि 'स्वस्त ते चांगलं' हेही खोटं. पाहून, पारखून घेतलं तेच खरं!

आता चला स्वयंपाकघरात

अशा दुकानातल्या कोणत्या वस्तू बेलाशक बघाव्यात? मला सापडलेल्या काही सांगते.

मीठ : आयोडीनयुक्त मीठ दुकानातून तुमच्या हाती येतं, तेव्हा त्यात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असायलाच हवं, असा नियम आहे. तो महागड्या पुड्याला आणि स्वस्त पुड्याला सारखाच लागू आहे.

साखर : बाजारात साखरेला 'एस ३०', 'एम ३०' म्हणतात. त्यातलं अक्षर दाण्याचा आकार सांगतं आणि आकडा रंगाचा पांढरेपणा. आकार आणि रंग तोच असेल तर नुसत्या चकचकीत पाकिटासाठी जास्त पैसे का द्यायचे?

डाळी आणि शेंगदाणे : पारदर्शक पिशवीचा हा मोठा फायदा. पिशवी उजेडात धरा. दाणे एकसारखे आहेत का? खडे, भोकं पडलेले दाणे, तळाशी पीठ दिसतं का? पीठ म्हणजे किडीची खूण. मग ती पिशवी परत ठेवा.

अंगाचा साबण : वेष्टनावर बारीक अक्षरांत 'टी.एफ.एम.' शोधा. साबणात स्निग्धांश किती, ते हा आकडा सांगतो. ७६ टक्के किंवा जास्त असेल तर पहिली प्रत, ७० ला दुसरी आणि ६० ला तिसरी. कित्येकदा साध्या वेष्टनातल्या साबणावर ७६ चा आकडा असतो आणि शेजारच्या गुलाबी, सुगंधी वडीवर त्याहून कमी!

पण फसायचं नाही हं!

सवलतीच्या दुकानात शिरताना हातात यादी हवी. नाहीतर "एकावर एक फुकट" वाचून नको ती वस्तूही घरी येते. पैसे द्यायच्या रांगेजवळ चॉकलेटं का ठेवलेली असतात, सांगा पाहू? बरोबर! तिथे तुम्ही आईबाबांबरोबर कंटाळून उभे असता.

"छापील किमतीवर ५० टक्के सूट" वाचूनही हुरळून जाऊ नका. छापील एमआरपी म्हणजे दुकानदाराने जास्तीत जास्त किती घ्यावेत, ती मर्यादा. त्याहून जास्त घेता येत नाही, कमी मात्र कोणीही घेऊ शकतो. म्हणून सूट किती, हे पाहण्यापेक्षा प्रत्यक्ष किती पैसे पडतात ते बघा.

मोठा पुडा नेहमी स्वस्त पडतो का? समजा, अर्ध्या किलोचा पुडा ६२ रुपयांना आणि एक किलोचा १३० रुपयांना आहे. १०० ग्रॅमला किती पडले? लहान पुड्यात १२ रुपये ४० पैसे, मोठ्यात १३ रुपये. पाहिलंत? बांधीव मालावर हा एककाचा भाव छापायचा नियमही झाला आहे. एमआरपीच्या आसपास तो शोधा.

खाण्याच्या वस्तूवर तारीख आणि एफएसएसएआय परवान्याचा १४ आकडी क्रमांक पाहा. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. लहान भावंडं खेळणं तोंडात घालतात, म्हणून इथे स्वस्ताईसाठी तडजोड नको. आणि कुठे फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे १९१५.

आणखी एक. आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्याला विसरू नका. तो पावशेर डाळ सुटी देतो, महिनाअखेरीला वहीत मांडून ठेवतो, वाईट निघालेलं खोबरं परत घेतो. ही सोय मोठ्या दुकानात मिळत नाही.

पालकांशी दोन शब्द

पालकहो, "हलकं आहे, पण चालवून घे," असं आपण मुलांना सहज म्हणून जातो. आपण ज्याला हलकं म्हणतो, त्याची त्यांना लाज वाटू लागते. त्यापेक्षा खरेदीला त्यांना बरोबर न्या. यादी त्यांच्या हातात द्या, एककाचा भाव त्यांना काढू द्या. भागाकाराचा सरावही होईल आणि घरात पैसा कसा येतो, कसा जातो, हेही कळेल.

त्या परीक्षेनंतरच्या सोमवारी ती मुलगी साबणाचं एक वेष्टन घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "बाई, आमचा साबण ७६ चा आहे. मीच शोधला!" आणि मधल्या सुट्टीत तिचा डबा बाकावर होता, झाकण पूर्ण उघडं. मागच्या बाकावरचा तो मुलगा तिच्याकडून चटणी मागून घेत होता.

मग मुलांनो, या रविवारी घरातल्या कोणत्याही दोन वस्तू घ्या, नावं झाका आणि परीक्षा घ्या. आणि हो, निकाल काय लागला, ते पत्राने जरूर कळवा!