ग्रे आणलाय, ताई

फोन बहुतेक रविवारी संध्याकाळी येतो. शनिवारी पक्षी घरी आलेला असतो, रात्री घरातलं कुणी धड झोपलेलं नसतं, आणि रविवारी दुपार झाली तरी त्यानं काही खाल्लं नाही म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. कुणाकडून तरी माझा नंबर मिळतो. "ताई, ग्रे आणलाय," एवढं बोलून पलीकडचा माणूस थांबतो. त्या थांबण्यात आनंद असतो, अभिमान असतो, भीतीही असते. "अरे वा, अभिनंदन! नाव काय ठेवलंत?" हा माझा पहिला प्रश्न. पिंजरा केवढा, खायला काय घालता, कुठून आणला, हे सगळं विचारायचं असतंच, पण नावानंतर.

हा क्रम मी जाणूनबुजून पाळते. माझ्या घरी ग्रे आहे, म्हणून पुण्यात नव्यानं आफ्रिकन ग्रे पोपट पाळणारे बरीच वर्षं माझ्याकडे येतात. या काळात एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे: पहिल्या फोनवर माणसाला रागावलं की दुसरा फोन येत नाही. सूर्यफुलाच्या बिया घालतो म्हणाल्याबद्दल ज्याला बोलणी बसली, तो पुढच्या वेळी बियांचा विषयच काढत नाही. पिल्लाला अजून हातानं भरवावं लागतं, हे तो लपवतो. आणि माणसानं जे लपवलं ते भोगतो पक्षी.

नावानंतर मी डोळ्याचा फोटो मागते. उजेडात, जवळून काढलेला. ग्रेच्या पिल्लाचा डोळा काळपट असतो. मग तो राखाडी होत जातो, आणि वर्षा-दोन वर्षांत फिकट पिवळा होतो. विकणाऱ्यानं "चार महिन्यांचं, एकदम हँडटेम" म्हणून दिलेल्या पिल्लाचा डोळा काळाभोर दिसला, अंगावर अजून कोवळी लव दिसली, की माझा आवाज थोडा बदलतो. साधारण बारा ते सोळा आठवड्यांत पिल्लू स्वतःहून खायला लागतं. त्याआधीच ते घरी आलं असेल, तर नवख्या माणसाच्या हातात सिरिंज आणि फॉर्म्युल्याचा डबा असतो. फॉर्म्युला चाळीस अंशांच्या आसपास असावा लागतो. जास्त गरम झाला तर अन्नाची पिशवी आतून भाजते, गार झाला तर अन्न पुढे सरकतच नाही आणि आत आंबतं. घाईनं भरवला तर तो श्वासनलिकेत जातो. "तुम्ही भरवलंत तरच तो तुमचा होईल" असं दुकानात सांगितलं जातं. ते खोटं आहे, आणि त्यानं पिल्लं मरतात. ग्रेशी जवळीक पुढच्या महिन्यांत होते, आयुष्यभर होत राहते, त्यासाठी सिरिंज लागत नाही. अशा वेळी मी सल्ला देत बसत नाही. पक्ष्यांच्या डॉक्टरांची वेळ त्याच दिवशी घ्यायला लावते.

पिल्लू मोठं असेल तर मी घरी जाते. परवा पिंपळे सौदागरला गेले होते. आठवा मजला, दोघं आयटीत, सासूबाई घरी. पक्षी हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, दुकानानं सोबत दिलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात. मी पिंजऱ्याकडे गेले नाही, आधी घर पाहिलं. नव्या माणसाला हे विचित्र वाटतं, पण पक्ष्याला सगळ्यात मोठा धोका घरातल्या रोजच्या वस्तूंचा असतो आणि त्या आपल्याला दिसेनाशा झालेल्या असतात. हॉलमधल्या पंख्याच्या बटणावर मी चिकटपट्टी लावायला सांगितली. पक्षी बाहेर असताना पंखा बंद, आणि सवयीनं बोट गेलं तरी बटण दाबलं जाऊ नये. कमोडचं झाकण खाली. खिडक्यांना जाळ्या.

मग स्वयंपाकघर. ओट्यावर नॉनस्टिकचा तवा होता. पक्ष्याची फुप्फुसं आपल्यासारखी फुगत नाहीत. हवेच्या पिशव्या भात्यासारख्या चालतात आणि श्वास घेताना, सोडताना, दोन्ही वेळा फुप्फुसातून ताजी हवा वाहते. उडायला लागणारी ही अतिशय सक्षम यंत्रणा आहे, आणि तिच्यामुळेच विषारी वायूही पक्ष्याच्या रक्तात झपाट्यानं जातो. रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर राहून फार तापला, तर त्यातून निघणाऱ्या वाफेनं दुसऱ्या खोलीतला पक्षीसुद्धा काही मिनिटांत मरू शकतो. त्या वाफेला वास येईलच असं नाही. हे ऐकून सासूबाईंनी शांतपणे तवा उचलला आणि विचारलं, "माझा लोखंडी चालेल ना?" उत्तम चालेल, म्हटलं.

देवघराचं बोलणं नाजूक असतं. उदबत्ती, धूप, कापूर, पावसाळ्यात डासांची कॉइल, सगळा धूर त्याच नाजूक नळ्यांत जातो, आणि ग्रेला बुरशीचे श्वसनविकार होण्याची प्रवृत्ती मुळातच जास्त. पण सत्तरीच्या बाईला पूजा बदला म्हणणं मला पटत नाही. मी विचारते, पूजा कधी करता, किती वेळ? मग पक्ष्याची खोली ठरते: देवघरापासून लांबची, खिडकी असलेली, पूजेच्या वेळी दार लावता येईल अशी. या घरी सासूबाईंनीच सुचवलं की रोज निरांजन पुरे, उदबत्ती सणाला. त्यांना दमा आहे का, तेही मी विचारून घेतलं. ग्रेच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते, फर्निचरवर, कपड्यांवर, टीव्हीच्या पडद्यावर. दम्याच्या माणसाला ती सोसत नाही, आणि हे पक्षी आणण्याआधी कुणी सांगत नाही.

आपल्याकडच्या घरांतून मिठूची एक आठवण असते. आजोळी गॅलरीत टांगलेला गोल पिंजरा, त्यात हिरवा राघू, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची, चहात बुडवलेलं बिस्किट. आपला देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, पण त्या आठवणीतली रीत मात्र ग्रेच्या वाट्याला जशीच्या तशी येते. म्हणून पिंजऱ्यापासून सुरुवात करावी लागते. ग्रेला निदान तीन फूट रुंद, दोन फूट खोल आणि चार फूट उंच जागा हवी, गजांमधलं अंतर दोन-अडीच सेंटिमीटर, एक बाजू भिंतीला टेकलेली, म्हणजे पाठीमागून कुणी येणार नाही याची त्याला खात्री राहते. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी नको. चोचीनं खरवडून ते जस्त पोटात जातं आणि विषबाधा होते. दुकानातल्या गुळगुळीत गोल दांड्याऐवजी पेरूच्या फांद्या लावा, जाड-बारीक, वाकड्यातिकड्या. पंजाच्या एकाच जागी सतत भार आला की तिथे जखमा होतात.

खाण्याबद्दल मी सगळ्यात जास्त वेळ बोलते. सूर्यफुलाच्या बिया ग्रेला आवडतात, त्या खाऊन तो वर्षानुवर्षं जगतोही, आणि त्यातच फसगत होते. बियांत चरबी भरपूर, 'अ' जीवनसत्त्व जवळजवळ नाही, कॅल्शियम अगदी थोडं. ग्रेच्या रक्तातलं कॅल्शियम इतर पोपटांपेक्षा सहज घसरतं. घसरलं की तो थरथरतो, दांडीवरून पडतो, त्याला झटके येतात. घरातले म्हणतात, काल तर चांगला होता. कॅल्शियम अंगी लागायला 'ड' जीवनसत्त्व हवं आणि ते उन्हातून मिळतं. पण खिडकीच्या काचेतून आत आलेल्या उन्हात त्यासाठी लागणारे किरण उरत नाहीत. म्हणून सकाळचं कोवळं ऊन, बंद पिंजऱ्यात, उघड्या गॅलरीत, अर्ध्या भागावर सावली ठेवून, आणि जवळ माणूस बसलेला. कावळे आणि घारी गॅलरीवर लक्ष ठेवून असतात.

बाकी लागणारं बरंचसं आपल्या मंडईत मिळतं. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर, ढोबळी मिरची, मोड आलेले मूग आणि मटकी, कोथिंबीर. हिरवी मिरची चालते, तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही. यासोबत चांगल्या प्रतीचे पेलेट, म्हणजे पोपटांसाठीचं तयार दाणेदार खाद्य. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, मीठ लावलेलं काहीही, अजिबात नाही. शेंगदाण्याच्या टरफलात बुरशी असू शकते, तेही नको. मात्र बिया एका दिवसात बंद केल्या तर ग्रे उपाशी बसेल, कारण नवं अन्न त्याला अन्न वाटतच नाही. म्हणून मी वजनकाटा घ्यायला लावते, स्वयंपाकघरातला, ग्रॅम दाखवणारा. रोज सकाळी, खाण्याआधी, वजन वहीत. मोठा ग्रे साधारण चारशे ते पाचशे ग्रॅमचा. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर डॉक्टर. पक्षी आजार लपवतो. जंगलात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याचा पहिला घास असतो. तो फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसेपर्यंत वाट पाहिली तर बहुतेकदा उशीर झालेला असतो, म्हणून मी वहीवर इतका भर देते.

"बोलतो का?" हा प्रश्न या सगळ्यात मधूनमधून येतच असतो, शेजारी विचारतात, नातेवाईक व्हिडिओ मागतात. बहुतेक ग्रे वर्षाच्या आसपास बोलू लागतात, आणि आधी कुकरची शिट्टी आणि मोबाइलची रिंग उचलतात. काहीजण अ‍ॅलेक्सचे व्हिडिओ पाहून आलेले असतात. संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये शिकागोच्या एका दुकानातून एक वर्षाचा ग्रे घेतला, तोच अ‍ॅलेक्स. २००७ मध्ये, ३१ वर्षांचा असताना, तो गेला तोवर शंभरावर शब्द, रंग, आकार आणि सहापर्यंतच्या संख्या त्याला अर्थासकट येत होत्या. मी लोकांचं लक्ष वळवते ते त्याच्या शिकण्याच्या पद्धतीकडे. दोन माणसं त्याच्यासमोर एखाद्या वस्तूबद्दल एकमेकांशी बोलत, एक विचारी, दुसरा सांगे आणि बरोबर सांगितलं की ती वस्तू त्याला मिळे. अ‍ॅलेक्स बघे आणि मग मध्ये पडे. म्हणून मोबाइलवर 'मिठू मिठू' लावून ठेवू नका. पेरू कापताना एकमेकांना विचारा, "पेरू हवा?" आणि हो म्हणणाऱ्याला खरंच पेरू द्या.

पण बोलणं शिकवण्याआधी माणसानं पक्षी वाचायला शिकायला हवं, आणि माझ्या भेटीतला माझा आवडता भाग तोच. मी सगळ्यांना पिंजऱ्यापासून सहा-सात फुटांवर बसवते, टीव्ही बंद, मोबाइल खाली, आणि आम्ही नुसते बघतो. त्या दिवशी सून जवळ सरकली तशी पक्ष्यानं घशातून खोल गुरगुर केली. ती दचकली, "आजारी आहे का?" नाही, कोवळा ग्रे घाबरला की गुरगुरतो, तुम्ही मागे सरका. ती सरकली, गुरगुर थांबली. हे दोनदा-तीनदा झालं आणि तिला उमगलं की आपण त्याचं ऐकलं. नंतर तिनं बाजूला तोंड करून बदाम फोडला, तेव्हा त्याच्या डोळ्यातली बाहुली झपाट्यानं लहान-मोठी होऊ लागली, मान पुढे आली. शेवटी एक पाय पोटाशी घेऊन तो चोचीचा हलका करकर आवाज करू लागला, झोपेआधी करतात तसा. आल्यापासून तो पहिल्यांदाच असा बसला होता, असं सासूबाई म्हणाल्या.

दोघं नोकरीवर गेल्यावर काय, हा मोठा प्रश्न असतो. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की एकट्यानं ठेवलेल्या ग्रेंच्या गुणसूत्रांची टोकं जोडीनं राहणाऱ्यांपेक्षा आखूड झालेली असतात. एकटेपणाची झीज पेशीपर्यंत पोचते. बाहेर तिची खूण म्हणजे उपटलेली पिसं, उघडी पडलेली छाती. पिसं उपटण्याला आजारही कारण असू शकतात, म्हणून आधी डॉक्टर. पण अन्न कागदात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यात लपवून, त्याला दिवसभर कामाला लावणं पहिल्या आठवड्यापासून सुरू करता येतं. आणि दहा-बारा तासांची अंधारी झोप. रात्री अकरापर्यंत मालिका चालणारा हॉल ही त्याची झोपायची जागा नव्हे.

कागदपत्रं मी शेवटी काढते. ग्रेची आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्री इतकी वाढली होती की २०१७ च्या जानेवारीपासून तो साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे जंगलातून पकडलेल्या पक्ष्याचा व्यापार बंद. घानामध्ये १९९० च्या दशकापासून नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रे नाहीसे झाले; पूर्वी ताडाच्या झाडांवर शेकड्यांनी उतरणारे थवे आता दिसत नाहीत. भारतात २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्याची नोंद 'परिवेश' पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. पावती, पायातल्या रिंगचा क्रमांक, नर-मादीचा डीएनए रिपोर्ट, सगळं एका फाइलमध्ये. आणण्याआधी जे फोन करतात त्यांना मी बहुतेकदा सांगते, आणू नका. अगदीच ठाम असाल तर ज्यांना सांभाळणं जमत नाही अशांचा एखादा मोठा ग्रे घ्या. पक्षी घरी आल्यावर मात्र मी हा विषय काढत नाही. आता त्याचं बरं व्हायचं असेल तर याच माणसांच्या हातून होणार आहे.

निघताना मी वय विचारते, माणसांचं. नवरा ३६, बायको ३४. नीट सांभाळला तर ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगतो. तुमच्यानंतर तो कुणाकडे, असं विचारलं की पहिल्यांदा सगळे गप्प होतात. या घरी सासूबाईंनी उत्तर दिलं: साताऱ्याचा नातू, बारा वर्षांचा, प्राण्यांचं वेड आहे, दर सुट्टीत येतो. मग त्याला आत्तापासून येऊ द्या, म्हटलं, त्याच्या हातून खाऊ द्या, वहीत वजन त्यालाच लिहू द्या. "दिवाळीत बोलावते," त्या म्हणाल्या. दिवाळीत चालेल, फक्त लक्ष्मीपूजनाला नको. त्या दोन-तीन रात्री फटाक्यांनी पक्षी बिथरलेला असेल, खिडक्या बंद, दिवा मंद, आणि घरातलाच माणूस जवळ हवा. भाऊबीज झाली की बोलवा.