लाठी आधी थांबवायला शिका

आमच्या मार्गासनीत लाठीकाठी म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती शिवजयंतीची मिरवणूक. इथूनच साखरमार्गे गुंजवण्याला, म्हणजे राजगडाच्या पायथ्याला रस्ता जातो. तेव्हा पोरांना हौस असणारच. पहिल्याच दिवशी म्हणतात, ‘आम्हाला फिरवायला शिकवा.’

आम्हीही पूर्वी तसंच शिकवायचो. जयंती तोंडावर आली की पंधरा दिवसांत फिरवणं बसवून घ्यायचं. एकदा सराव चालू असताना एक लहान मूल मध्ये आलं. फिरवणाऱ्या मुलाला लाठी आवरता येईना. कशीबशी वळवली, तर त्याच्याच गुडघ्यावर बसली. थोडक्यात निभावलं. पण आमच्या ध्यानात आलं, की आपण वेग शिकवला, थांबवणं शिकवलंच नाही.

तेव्हापासून क्रम बदलला. आधी पवित्रा. पायांत खांद्याइतकं अंतर, एक पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले. डोक्यावर ओझं घेऊन बांधावरून चालताना तोल जसा मधोमध राहतो, तसा ठेवायचा. मग पकड: एक हात टोकाजवळ, दुसरा हातभर वर. मग डोक्यावरचा एकच वार. यातली मेख बघा. वरचा हात दिशा देतो आणि खालचा हात लाठी कमरेकडे ओढून थांबवतो. नुसत्या मनगटाने थांबवायला गेलात, तर मनगट दुखावतं.

जपानमध्ये ‘जो’ नावाची काठीची विद्या आहे. शिंतो मुसो-र्यू ही तिची 17व्या शतकापासूनची परंपरा. काठी साधारण 128 सेंटिमीटर लांब, आणि समोर तलवारवाला. 20व्या शतकात शिमिझू ताकाजी या गुरूंनी शिकणाऱ्यांसाठी 12 मूलभूत हालचाली बांधून दिल्या. त्या आधी एकट्याने करायच्या, मग जोडीदारासमोर. असं का? काठीला मूठ नाही, धार नाही. दोन्ही टोकं कामाची, म्हणून हात सारखे सरकतात. पाया कच्चा असला की सरकता हात सुटतो, आणि लागतं जोडीदाराला.

आमची परीक्षा साधी आहे. दोरीला झेंडूचं फूल टांगायचं, पूर्ण वेगाने वार करायचा आणि फुलाच्या वीतभर अलीकडे थांबायचं. लाठी फुलाला लागली की मोजणी पुन्हा एकपासून. सलग दहा वेळा जमलं की समोर जोडीदार उभा करतो. फिरवणं त्यानंतर. तोवर जयंती होऊन गेली तर पुढच्या वर्षी; लाठी कुठं पळून जात नाही.