डॉक जोडला, मॉनिटर मात्र काळाच

क्यूब्स ओएसवर यूएसबी-सी डॉक जोडला, लॅपटॉप चार्ज होऊ लागला, पण मॉनिटर काळाच. अशा वेळी केबल बदलण्याआधी डॉकचा प्रकार बघावा.

डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोडच्या डॉकमध्ये चित्र थेट ग्राफिक्स चिपकडून येतं. ती चिप डॉम-झीरोच्या, म्हणजे क्यूब्सच्या मुख्य मशीनच्या, ताब्यात असल्याने सहसा अडत नाही. डिस्प्लेलिंक डॉकचं गणित वेगळं: तिथे चित्र यूएसबी डेटा म्हणून जातं, आणि क्यूब्स तर यूएसबी कंट्रोलर सिस-यूएसबी या वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये मुद्दाम कोंडून ठेवतं. डॉम-झीरोला तो डॉक दिसणार कसा? एका स्क्रीनसाठी ही तटबंदी पाडू नये. सरळ डॉक बदलावा.

साध्या लिनक्सवर थंडरबोल्ट डॉक असेल, तर ‘बोल्टसीटीएल’ चालवून त्याला परवानगी मिळाली आहे का ते तपासावं.

चित्र आलं, पण माउस अडखळतोय? ४के मॉनिटर बहुधा ३० हर्ट्झवर अडकलाय. यूएसबी-सीमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. दोन यूएसबी ३ ने घेतल्या, की उरलेल्या दोन जोड्यांत डिस्प्लेपोर्ट १.२ चं ४के चित्र ६० हर्ट्झला मावत नाही. काही यूएसबी-सी मॉनिटरच्या मेनूत रिझोल्यूशनला प्राधान्य देण्याचा पर्याय असतो. तो निवडला की चारही जोड्या चित्राला मिळतात, आणि यूएसबी मात्र २.० च्या वेगावर उतरतं.