कॉम्प्युटरची इर्जिक : बोइंक बसवताना काय अडतं?



इर्जिक म्हणजे काय, हे आपल्या सासूबाईंच्या पिढीला सांगावं लागत नाही. एखाद्याचं रान नांगरायचं राहिलं, की गावातल्यांनी आपापली औतं घेऊन यायचं, दिवसभरात रान उरकायचं आणि त्या घरच्या बाईने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. मजुरीचं नाव नाही. आज ज्या कामाबद्दल बोलायचं आहे ते असंच आहे, फक्त औताच्या जागी घरातला कॉम्प्युटर आहे.

शास्त्रज्ञांचे काही हिशेब एवढे मोठे असतात, की त्यांच्या एकट्याच्या मशिनवर ते वर्षानुवर्षं उरकायचे नाहीत. म्हणून त्या हिशेबाचे लहान लहान तुकडे करून इंटरनेटवरून लोकांच्या घरोघरच्या कॉम्प्युटरवर पाठवतात. आपला कॉम्प्युटर रिकामा असेल तेव्हा तो तुकडा सोडवतो आणि उत्तर परत धाडतो. ही देवाणघेवाण ज्या प्रोग्रामने होते त्याचं नाव बोइंक. अमेरिकेत बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तो तयार झाला. तो फुकट आहे.

आता म्हणाल, याच्याशी आपल्या मराठवाड्याचा काय संबंध? औंढा नागनाथ म्हटलं की आपल्याला देऊळ आठवतं. त्याच हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीचे दोन बोगद्यासारखे हात एकमेकांना काटकोनात, अशी तिची रचना आहे. विहिरीत दगड टाकल्यावर पाण्यावर तरंग उठतात ना, तसे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशातच तरंग उठतात. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी ते पहिल्यांदा टिपले.

त्या अमेरिकन वेधशाळांची माहिती चाळायचं काम 'आइन्स्टाइन अॅट होम' नावाचा प्रकल्प २००५ पासून करतो आहे, आणि तो बोइंकवर चालतो. स्वतःभोवती गरागरा फिरणाऱ्या ताऱ्यांचे अगदी मंद, सतत येणारे तरंग तो शोधतो. ते अजून हाती लागलेले नाहीत. पण याच प्रकल्पाने रेडिओ दुर्बिणीची माहिती चाळताना २०१० साली एक नवा तारा शोधला, आणि तो दिसला अमेरिकेतल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एकाच्या साध्या कॉम्प्युटरवर. म्हणजे हे काम नुसतं शोभेचं नाही.

बसवायच्या आधी एक गोष्ट. कॉम्प्युटर कोणाचा आहे? घरचा असेल तर घरात विचारा. गटाचा किंवा लोकसंचालित साधन केंद्राचा असेल, तर बैठकीत विषय घ्या आणि ठराव लिहा. त्यात गटाची खाती, सभासदांचे आधार क्रमांक असतात, आणि विजेचं बिल सगळ्यांच्या पैशातून जातं. एखादीने 'मला येतं' म्हणून परस्पर बसवलं, तर पुढे कॉम्प्युटरला काहीही झालं तरी बोट तिच्याकडेच जाणार. माझं मत विचाराल तर जिथे गटाचे हिशेब आहेत तिथे हे बसवूच नये. मुलांच्या अभ्यासाचा, एमएससीआयटीच्या वेळी घेतलेला एखादा जुना कॉम्प्युटर असेल तर तो यासाठी चांगला.

बोइंक बर्कली विद्यापीठाच्या साइटवरूनच घ्या. कोणी पेनड्राइव्हवर दिलं, व्हॉट्सअॅपवर लिंक आली, तर नको. तिथे दोन प्रकार दिसतील, एक नुसतं बोइंक आणि एक व्हर्च्युअलबॉक्ससह. आइन्स्टाइनच्या कामाला नुसतं बोइंक पुरतं. दुसरं मोठं असतं, नेटचा पॅक खातं आणि अडचणी वाढवतं. नाव नोंदवताना ईमेल आणि नवा पासवर्ड, एवढंच लागतं. ओटीपी, आधार, बँकेचा खातेक्रमांक कोणी मागत असेल, किंवा 'कॉम्प्युटर चालू ठेवा आणि महिन्याला पैसे कमवा' असं सांगत असेल, तर ते बोइंक नाही. इर्जिकीला मजुरी नसते.

आता अडचणी. इन्स्टॉल करताना विंडोज निळी चौकट दाखवून थांबवतं. फाइल योग्य ठिकाणाहून घेतली असेल, तर 'मोअर इन्फो'वर जाऊन पुढे जाता येतं. अॅडमिनचा पासवर्ड मागितला तर ज्याने कॉम्प्युटर लावून दिला त्याला विचारा, अंदाजाने टाकत बसू नका. मध्येच लाईट गेली आणि अर्धवट राहिलं, तर सेटिंगमधल्या अॅप्सच्या यादीतून ते काढा, कॉम्प्युटर बंद करून चालू करा आणि नव्याने बसवा. विंडोज ७ असेल तर वेळ घालवू नका. त्याची सुरक्षा दुरुस्ती जानेवारी २०२० मध्येच थांबली आहे.

इन्स्टॉल झालं, पण प्रकल्प जोडताना 'संपर्क होत नाही' येतं आणि बाकी नेट तर चालू आहे. इथे पुष्कळ जणी नेटवाल्याला फोन करतात. त्याआधी कॉम्प्युटरची तारीख बघा. सीपीयूच्या डब्यात मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल असतो. लाईट गेल्यावर घड्याळ त्याच्यावर चालतं. आपल्याकडे लोडशेडिंग, शिवाय काम झालं की बोर्डावरचं बटण बंद करायची सवय, त्यामुळे तो लवकर उतरतो. मग दर वेळी तारीख काही वर्षं मागे जाते. दूरच्या सर्व्हरकडे त्याची ओळख सांगणारं एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर मुदत असते. आपल्या कॉम्प्युटरला वाटतं की प्रमाणपत्राची मुदत सुरूच झालेली नाही, म्हणून तो बोलणंच नाकारतो. तारीख दुरुस्त केली की तेवढ्यापुरतं काम होतं, पण पुन्हा लाईट गेली की तेच. खरा उपाय नवा सेल. त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदलताना प्लग काढून ठेवा आणि जुना सेल कसा बसवला होता ते आधी नीट बघा.

दुसरी नेहमीची अडचण अशी, की बोइंकची खिडकी उघडते आणि खाली 'डिसकनेक्टेड' लिहून येतं. बोइंकचे दोन भाग आहेत. एक आपल्याला दिसणारी खिडकी, दुसरा पडद्याआड काम करणारा. दोघं एकाच कॉम्प्युटरमध्ये असतात, पण एकमेकांशी ३१४१६ क्रमांकाच्या दारातून बोलतात. (शाळेतला पाय आठवतो? ३.१४१६. तिथूनच हा आकडा घेतलाय.) अँटीव्हायरस किंवा फायरवॉल हे दार अडवतं, किंवा पडद्यामागच्या भागालाच उचलून बाजूला ठेवतं. त्याचंही चुकत नाही. अनोळखी प्रोग्राम नेटवरून येऊन प्रोसेसर जोरात पळवायला लागला, तर संशय येणारच. पण म्हणून अँटीव्हायरस सगळा बंद करू नका. त्याच्या सेटिंगमध्ये 'एक्सक्लूजन' असतं, तिथे फक्त बोइंकचा फोल्डर सोडायला सांगा. तो प्रोग्रामडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतो.

एकाच कॉम्प्युटरवर दोघांची वेगवेगळी लॉगिन असतील, तर आईने बसवलेलं बोइंक मुलीच्या लॉगिनमधून उघडत नाही. बसवतानाच 'सर्व वापरकर्ते' यावर खूण करा.

सगळं जोडलं, तरी काम चालू होत नाही? मग टूल्समध्ये इव्हेंट लॉग उघडा. बोइंक काय करतंय ते तिथे ओळीओळीने लिहिलेलं असतं. 'सस्पेंडेड' पुढे 'कॉम्प्युटर इज इन यूज' असेल, तर तुम्ही माउस हलवताय म्हणून ते थांबलंय, बिघाड नाही. 'ऑन बॅटरीज' असेल तर लॅपटॉपचा चार्जर लावा. डिस्कमध्ये इतके एमबी कमी आहेत असं लिहिलं असेल, तर लग्नाचे व्हिडिओ दुसरीकडे हलवा. इंग्रजी ओळ समजली नाही तर जशीच्या तशी वहीत उतरवून घ्या. 'चालत नाही' एवढ्यावर दुरुस्तीवाल्याला काही सांगता येत नाही, त्या ओळीवर येतं.

विजेचं गणित स्वतः करा. चालू असलेल्याच कॉम्प्युटरवर बोइंकमुळे समजा ५० वॅट जास्त लागले आणि तो रोज ६ तास चालला, तर महिन्याला ९ युनिट. पण एरवी बंद राहिला असता असा १०० वॅटचा कॉम्प्युटर खास यासाठी चालू ठेवलात, तर १८ युनिट. यासाठी रात्रभर मशिन चालू ठेवायची गरज नाही. सेटिंगमध्ये प्रोसेसर ५० टक्के वापरायला सांगा. घरचा इन्व्हर्टर डेस्कटॉपला ओळखता येत नाही, त्यामुळे लाईट गेली की 'स्नूझ' आपल्याच हाताने दाबावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत असेल तर बंदच ठेवा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल तर नेटचीही मर्यादा घालून द्या.

पहिला तुकडा पूर्ण झाला की खात्यात 'पेंडिंग' दिसेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तोच तुकडा दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरलाही दिलेला असतो; दोन्ही उत्तरं जुळली की तुमचे गुण जमा होतात. समोरच्याने उशीर केला तर दोन आठवडेही लागतात.